रिकाम्या खोगिराचं ओझं

आमचा तरणा घोडा मी वरून आणताना रिकिबी लोंबत्या ठेवूनच आणायची. त्यावरून लोक मला काय काय बोलले ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मध्ये तोंड घालायला नको. रिकीब म्हणजे खोगिराच्या दोन्ही अंगांना टांगलेली लोखंडी कडी, स्वार तीत पाय घालतो. नेरळहून पाहुणे माथेरानवर पोचवले की संध्याकाळी घोडे रिकामे खाली यायचे. रिकाम्या घोड्याच्या रिकिबी वर उचलून खोगिरावर बांधायच्या, असा आमच्या वाटेवरचा रिवाज. लोंबती रिकीब म्हणजे कुणाला तरी ‘बस’ म्हटल्यासारखं, असं जुनी माणसं सांगत. मी म्हणायची, बसू दे, भाडं दिलं म्हणजे झालं.

माझं कारण साधं होतं. घोडा चार वर्षांचा, अंगात रग, आणि पोटाला काही लागलं की दचकायचा. पाहुण्यांचे पाय दोन्हीकडून लागणारच. रोज उतरताना रिकिबी पोटावर आपटत राहिल्या तर त्याला सवय होईल, एवढाच माझा हिशेब होता.

घाटात मोटारीचा रस्ता अजून व्हायचा होता तेव्हाची ही गोष्ट. घोडे चालवणं बाईचं काम नव्हे, हे मला गावातल्या सगळ्यांनी समजावून झालं होतं. पण आदल्या साली याच वाटेवर आमची घोडी घसरली आणि तिच्याबरोबर आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, खाली गेले. घोडी मेली. त्यांचं मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले आता काही नाही, पण ते डावा पाय ओढत चालायचे आणि घोड्याच्या अंगाला हात म्हणून लावेनात. घरात मागं राहिला तो हा तरणा. तो वाटेला लागला तर चूल पेटणार होती. समजावणाऱ्यांपैकी कुणी पीठ आणून देणार नव्हतं, म्हणून मी दोरी हातात घेतली.

वाटेवर घोडे एकेकटे जात नसत. आमची पाच जनावरांची ओळ होती. सगळ्यांत पुढं एका म्हाताऱ्याची पांढरी घोडी, तिच्यामागं बाकीचे. ओळीत चालणं ही तरण्या घोड्याची खरी शाळा. पहिल्या दिवशी आमच्या या घोडेसाहेबांनी पुढच्या घोडीच्या अंगावर जाण्यात अर्धी वाट घालवली, आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत मुंबईच्या एका जाड्या बाईची टोपी खाल्ली. बाई हसल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून तो ओळीच्या शेवटी आणि त्याच्या तोंडाशी मी, असं ठरलं. दिवाळीपर्यंत तो शहाणा झाला. पाहुण्यानं रिकिबीत पाय घातला की चारी पाय रोवून उभा राहायचं, हे तर मी त्याला असं शिकवलं होतं की मला स्वतःचाच हेवा वाटायचा. माझा फार जीव होता त्याच्यावर. मालकांशी बोलायची नाही ते मी त्याच्याशी बोलायची.

एका संध्याकाळी आम्ही उतरत होतो. ऊन गेलं होतं, उजेड होता. बेहड्याच्या झाडाखालच्या वळणावर पुढचे चार घोडे वळून गेले आणि माझा थांबला. मला वाटलं, मुतायला थांबला असेल. तसं नव्हतं. त्यानं चारी पाय रोवले, पाठ सरळ केली आणि कान मागं फिरवून तो उभा राहिला, पाहुणा चढताना राहतो तसा. डाव्या अंगाला जरा झुकला. खोगिराचं चामडं करकरलं. मग तो सावरला आणि आपणहून चालू लागला.

थोडं पुढं गेल्यावर मला कळलं की काहीतरी ऐकू येत नाहीये. रिकिबी वाजत नव्हत्या. घोडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होता, खोगीर हलत होतं आणि रिकिबी मात्र पोटाच्या दोन्ही अंगांना जागच्या जागी होत्या. त्याची टापही बदलली होती. रिकामा घोडा उतरताना टाप उडवत येतो, भरलेला घोडा ती दाबून ठेवतो. हे कुणी शिकवावं लागत नाही, वाटेवर राहिलं की कान आपोआप ओळखतात. माझा घोडा दाबून चालत होता. मी मागं वळून पाहिलं नाही. धीट आहे म्हणतात मला, पण तेवढी नाही.

घरी खोगीर काढलं तर खाली पाठ घामानं निथळत होती, आणि सबंध वाटेत पाठीवर कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप रिकिबी वर बांधल्या. वळणावर तो पुन्हा थांबला, पाय रोवले, चामडं करकरलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चढताना मात्र त्याच वळणावरून पाहुण्यांना घेऊन तो खुशाल जायचा. मी दोनदा रिकिबी खोगिरावरून काढूनच घेतल्या आणि पिशवीत घालून आणल्या. काही फरक पडला नाही.

ओळीतल्या माणसांना कळायला वेळ लागला नाही, कान त्यांनाही होतेच. वळणावर कोण बसत असेल याबद्दल प्रत्येकाकडं आपापलं भूत तयार होतं. कुणाचा साहेब दरीत पडलेला, कुणाचा पाटीवाला हमाल, कुणाची नवी नवरी. त्यांची भांडणं ऐकून मला हसूही यायचं. पण पुढच्या म्हाताऱ्यानं एक दिवस घोडी थांबवली आणि सरळ सांगितलं.

“सूनबाय, ह्यो घोडा रिकामा येत नाय. आमी त्याच्याबरोबर उतरनार नाय आता. इकून टाक, नायतर येकटी चाल.”

“येकटीला पावने कोन देनार?” मी विचारलं.

“तेच सांगतोय तुला,” तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. माझ्याकडं न बघता बोलला.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. मालकांनी कळंबकडच्या एका वीटभट्टीवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं, माती वाहायला घोडा हवा होता त्याला. भट्टीवर घोडे कसे मरतात ते मी पाहिलं होतं. मी घोड्याच्या गळ्यात हात टाकून उभी राहिले आणि म्हणाले, त्याला नेणार असाल तर मलाही भट्टीवर पोचवा. रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं, ते चिडले असते आणि विषय तिथंच मिटला असता.

ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, “रिकामा येतो म्हनून कोन तरी बसतंय ना? मंग रिकामा नको येऊ दे. मी बसतो.”

“तुमी? तुमी तर त्याला शिवत पन नाय.”

“तुज्यासाठी बसतो गं,” ते म्हणाले. लग्न झाल्यापासून असं वाक्य मी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं. मी भाकरी थापायला उठले.

दुसऱ्या दिवशी ते छोट्या आगगाडीनं वर आले. खोगिरावर चढताना त्यांनी दोनदा रिकिबीतून पाय काढून घेतला. इतर चौघांनी आम्हाला पुढं जाऊ दिलं आणि बरंच अंतर ठेवून मागून आले. वळणापर्यंतची सबंध वाट त्यांनी एका हातानं खोगीर धरलं होतं. मी खोगिराशेजारून चालत होते, दुसरा हात माझ्या खांद्यावर होता.

बेहड्याखाली घोडा थांबला. पाय रोवले. पाठीवर माणूस असूनही तो डाव्या अंगाला झुकला, आणि चामडं करकरलं. माझ्या खांद्यावरचा हात गेला. मी वर पाहिलं. मालक समोर वाटेकडं बघत होते, ताठ बसले होते, आणि त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. सकाळपासून होती ती कुठंच नव्हती. “चल,” ते म्हणाले. मला की घोड्याला, ते मला अजून कळलेलं नाही.

अंगणात आल्यावर ते आपणहून उतरले. मी त्यांच्याकडं पाठ करून खोगिराचा पोटपट्टा सोडत होते. घोड्यानं अंग झाडलं, सुटल्यावर झाडतो तसं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्या मानेवर डोकं टेकवलं. तेवढ्यात मागून अंगण ओलांडून रांजणाकडं जाणारी पावलं ऐकली. डावं, उजवं, डावं, उजवं. दोन्ही सारखी पडत होती. क्षणभर मला वाटलं, कोणी पाहुणा आला.

मी वळले. ते पाणी पीत होते.

गावानं तोंडभरून कौतुक केलं. पाय केव्हाच बरा झाला होता, मनातली भीती तेवढी गेली नव्हती, ती आता गेली, असं सगळे म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणाले. असेलही. घोडा त्यानंतर त्या वळणावर कधी थांबला नाही. उतरताना टापा उडवत यायचा. वीटभट्टीचं नाव कुणी काढलं नाही. मालक पुन्हा ओळीबरोबर जाऊ लागले, मी घरी बसले, आणि पोटाची चिंता मिटली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

पुढं आम्ही पुष्कळ वर्षं संसार केला. माणूस प्रेमळ होता, आधीपेक्षा जास्तच. पण ओढत्या पायाचा तो आवाज मला हवा होता, आणि तो कुणाकडं मागावा ते कळत नव्हतं. संध्याकाळी दाराशी पावलं वाजली की मी चुलीपुढून उठायची, दिवा उचलून आधी त्यांचं तोंड नीट बघून घ्यायची, आणि मगच ताट वाढायची.