पास झालेला उतार

थोरलीचा मला राग येतो, आणि तिच्याबद्दल दुसऱ्या कुणी वाकडं बोललेलं मी खपवूनही घेत नाही. आमच्या कार्यालयाच्या बांधकाम विभागात ती अंदाजपत्रकं करते. कॉम्प्युटर तिला कुणी शिकवला नाही, दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत शिकली. तिची धाकटी बहीण चाकाच्या खुर्चीत. तिला तिथंच नोंदणीच्या खिडकीवर नोकरी लागली, तेव्हा पायऱ्यांशेजारी उतार बांधायचं ठरलं. थोरलीनं त्याच्या हिशेबाची एक्सेल शीट मागून घेतली. "माझ्या बहिणीची वाट आहे, मीच करणार."

उतार पाच अंशांच्या आत हवा, असा नियम. उंची साठ सेंटीमीटर, उताराची लांबी साडेतीन मीटर. उंचीला लांबीनं भागायचं, त्यावर एक्सेलमधलं एसाइनचं सूत्र लावायचं, की कोन मिळतो. उत्तर आलं ०.१७. एक अंशसुद्धा नाही! तिनं सही ठोकली, साहेबांनी ठोकली, सिमेंट पडलं.

पहिल्याच दिवशी धाकटी अर्ध्यावर अडकली. दंड थरथरत होते, चाकं मागं येत होती.

"ताई, चढत नाहीये गं."

"नाटकं नकोत. एका अंशाचाही नाही तो. लाव जोर!"

शेवटी दरवानानं ढकलली. बहिणीच्या दंडांपेक्षा हिनं चौकटीतल्या आकड्यावर विश्वास ठेवला. माझा राग आहे तो याचा.

पण दुपारी जेवण सोडून तीच उतारावर उकिडवी बसली, मोबाईलमधलं कोनमापक टेकवून. दहा अंश! मग शीट उघडून खोदत बसली. एसाइन कोन देतं ते अंशांत नाही, रेडियनमध्ये; एक रेडियन म्हणजे जवळपास सत्तावन्न अंश. अंश हवे तर त्यावर डिग्रीजचं सूत्र चढवावं लागतं. तिनं चढवलं. ९.९.

तशीच साहेबांकडे गेली.

"सर, चूक माझी आहे. उतार पाडून दुप्पट लांब करावा लागेल."

"दुप्पट? म्हणजे माझ्या गाडीच्या जागेत? मग गाडी काय डोक्यावर लावू?"

"पण उतार दहा अंशांचा आहे, सर."

"शीटवर किती आहे?"

"शीट चुकलीय."

"सही कुणाची?"

"माझी."

"मग झालं तर. पास आहे."

एवढ्यावर भागलं नाही. साहेबांनी उतार तपासायला तीच शीट सगळ्या शाखांना धाडली. का नाही धाडणार? सरळ उभी भिंत घातली तरी ती शीट १.५७च्या वर जात नाही. तिच्यात नापास व्हायची सोयच नाही.

धाकटी रोज ढकलली जात होती. दरवान ओरडायचा, "चला, आमची हातगाडी आली!" एकदा ढकलता ढकलता त्याचा फोन वाजला. एक हात सुटला, खुर्ची मागं घरंगळली आणि धाकटीचं मनगट मोडलं. तिनं राजीनामा लिहिला.

"थोडं थांब ना, मी अर्ज करतेय."

"तू कर अर्ज, ताई. मी ओझं होऊन वर जाणार नाही."

अर्ज आमच्या कर्मचारी संघटनेनंही केला. लेखी उत्तर आलं: सदर कार्यालयात चाकांची खुर्ची वापरणारे कोणीही कर्मचारी नसल्याने दुरुस्तीची आवश्यकता नाही.

ते उत्तर थोरलीनंच टाईप केलं होतं. मी तिच्या टेबलाशी जाऊन भडकलो, "हात कसे गं धजले तुझे?"

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "घरात आता पगार माझा एकटीचाच आहे."