फायनलच्या आठवड्यातली खंडेनवमी

“कोण गेलं, लव्ह?”

मॉरीन माझ्या वर्कशॉपच्या दारात उभी होती आणि प्रिंटिंग मशीनकडे बघत होती. मशीनला हळद-कुंकू लावलेलं होतं. पुढ्यात अर्धा नारळ आणि पेढे. मशीनवर एक जांभळा टी-शर्ट पसरलेला आणि त्यावर पांढऱ्या शेवंतीची माळ.

“कोणी गेलं नाही,” मी म्हटलं. “आज आमच्याकडे अवजारांची पूजा असते. आत ये, प्रसाद घे.”

ती आत आली नाही. “तो आपल्या संघाचा टी-शर्ट आहे,” ती म्हणाली. “शनिवारी फायनल आहे. आणि तू त्याच्यावर फुलं वाहिलीस.”

मॉरीन आमच्या गावाच्या रग्बी संघाच्या सपोर्टर्स क्लबची सेक्रेटरी. तिकडच्या रीतीने सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणायची. सामन्याला जाणाऱ्या बसगाड्या तीच ठरवायची. त्या दिवशी ती बसच्या काचांना लावायचे बॅनर न्यायला आली होती. बॅनर न घेताच ती निघून गेली, तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं बिघडलं आहे.

यॉर्कशरमधल्या एका छोट्या गिरणीच्या गावात मी स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा केला. माहेर इचलकरंजीचं, त्यामुळे कापड हाताला माहीत होतं. बाकी सगळं इथे शिकले. सुरुवात स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली, शाळेच्या जर्सींवर इस्त्रीने नावं चिकटवून. पुढे बंद पडलेल्या गिरणीतली एक खोली घेतली आणि सेकंडहँड मशीन आणलं. माझा आवाज मोठा आहे आणि राग लवकर येतो. धंद्यात दोन्हींचा उपयोग झाला. यॉर्कशरची माणसं घासाघीस करण्यात आपल्यापेक्षा कमी नाहीत, पण माझ्याशी बोलताना त्यांनाही घाम फुटायचा.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. जिथे शाई नको तिथे जाळी बंद करायची. वर शाई ओतायची आणि स्क्वीजीने, म्हणजे रबराच्या पट्टीने, ती दाबून ओढायची. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. मग टी-शर्ट भट्टीतून काढायचा, म्हणजे शाई पक्की होते. काम सोपं दिसतं. पण घाई केली की पहिल्याच धुण्यात शाई उडते.

रग्बीचे दोन प्रकार आहेत. आमच्याकडे खेळायचे ती रग्बी लीग. खाणी आणि गिरण्यांच्या उत्तरेतला खेळ. ज्यांनी कबड्डी पाहिली आहे त्यांना तो लवकर कळेल. बॉल घेऊन धावणाऱ्याला समोरच्यांनी पकडून पाडायचं. असं सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्या संघाकडे. मला तो खेळ पहिल्याच वर्षी आवडला. मैदानाच्या उघड्या स्टँडमध्ये, दिव्यांच्या तिसऱ्या खांबापाशी, माझी उभं राहायची जागा ठरलेली होती. पावसात लोक मला छत्रीत घ्यायचे आणि रेफ्रीला शिव्या देताना मी मोठ्याने देते म्हणून कौतुक करायचे. त्या गावात मी घर केलं ते त्या खांबापाशी.

आता चॅम्पियन्स टी-शर्टबद्दल सांगते. फायनल संपली की जिंकणारे खेळाडू काही मिनिटांत ‘चॅम्पियन्स’ लिहिलेले टी-शर्ट घालून मैदानात फिरतात. हे टी-शर्ट आधीच छापलेले असतात. दोन्ही संघांचे. हरणाऱ्यांचे गुपचूप फाडून टाकायचे, ही पद्धत. म्हणजे आमच्या धंद्यात निकालाचा अंदाज बांधावाच लागतो, कारण किती छापायचे ते त्यावर ठरतं.

क्लबचं हे काम मिळावं म्हणून मी कैक वर्षं खेटे घातले होते. ते नेहमी शहरातल्या एका मोठ्या कंपनीला जायचं. क्लबचा कमर्शियल मॅनेजर ग्रॅहम दरवेळी चहा पाजायचा आणि परत पाठवायचा. त्या वर्षी मात्र संघ फायनलला पोचला आणि काम मला मिळालं. ते नीट झालं असतं तर पुढचं सगळं काम माझं होतं. बिघडलं असतं तर त्या गावात माझ्या दारात कोणी आलं नसतं.

सगळ्या गावाचा अंदाज एकच होता. खाटकाने दुकानाच्या काचेवर पांढऱ्या रंगाने स्कोअर लिहून टाकला होता, आपण दणकून जिंकणार असा. मला तसं वाटत नव्हतं. उपांत्य सामन्यात शेवटची वीस मिनिटं आमचे दांडगे गडी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे होते. दम संपला होता. किती टी-शर्ट छापायचे हे ठरवताना मी ग्रॅहमला त्याच्या केबिनमध्ये सांगितलं, “कमी छापा. आपण हरणार आहोत.”

तो म्हणाला, “हे बाहेर बोलू नका.” मी बोलले नाही.

आणि मग बुधवारी खंडेनवमी आली. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, पूजेला बसवायचं, हे मी पहिल्या वर्षापासून पाळत आले. माझा मशीनवरचा माणूस बॅरी त्या दिवशी सुट्टी घेऊन मासे पकडायला जायचा. दर वर्षी मशीनवर कुठल्या तरी चालू कामाचा नमुना ठेवायचे, तसा या वर्षी चॅम्पियन्स टी-शर्टचा ठेवला. झेंडू लेस्टरच्या भारतीय बाजारातून आणायला वेळ नव्हता, म्हणून सुपरमार्केटमधली शेवंती आणली आणि माळ केली.

त्या गावात कोणी खेळाडू किंवा जुना सपोर्टर वारला की लोक मैदानाच्या गेटला त्याच्यासाठी जर्सी बांधतात आणि त्यावर फुलं ठेवतात. बहुतेक पांढरी शेवंती. गेल्याच हिवाळ्यात एक म्हातारा खेळाडू गेला तेव्हा मीही ठेवून आले होते. तीच फुलं, त्याच दुकानातली. तरी पूजा करताना माझ्या डोक्यात ते आलं नाही. घरातली शेवंती आणि गेटवरची शेवंती माझ्यासाठी दोन वेगळी फुलं होती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मिसेस सीने, म्हणजे मिसेस चौगुलेने, म्हणजे मी, संघाला श्रद्धांजली वाहिली. लोकल रेडिओवर सपोर्टर्सचे फोन घ्यायचा कार्यक्रम असायचा. एक जण म्हणाला, फुलं ताबडतोब काढा. दुसरा म्हणाला, आता काढली तर आणखी वाईट. तिसऱ्याला तो टी-शर्ट कधी विकत मिळेल ते विचारायचं होतं. खाटकाने माझ्या नवऱ्याला विचारलं, “माझ्या स्कोअरवर पण वाहणार का दोन फुलं?” हे हसले. मी हसले नाही.

मग ग्रॅहमचा फोन आला.

“फुलं काढा आणि मशीन सुरू करा. आत्ता.”

“मशीन उद्या सकाळी सुरू होईल.”

“माल शुक्रवारी दुपारी पाहिजे.”

“शुक्रवारी दुपारी मिळेल.”

“शहरातली कंपनी आज काम घ्यायला तयार आहे, मिसेस चौगुले.”

“द्या त्यांना. चौकटी माझ्याकडे आहेत, त्या मी देणार नाही. त्यांना नव्या करायला लागतील. मग शुक्रवार विसरा.”

तो म्हणाला, “तुम्ही हे मुद्दाम केलंत. आपण हरणार असं तुम्हीच म्हणाला होतात.”

मी फोन आपटला. चहा केला, प्यायले आणि परत फोन लावला. राग आला की मी आधी आपटते आणि नंतर सौदा करते.

“ऐका,” मी म्हटलं, “उद्या पहाटेपासून आम्ही डबल शिफ्ट करतो. जादा काही मागत नाही. फक्त एक परवानगी द्या. मला माझ्या खर्चाने दुसरा टी-शर्ट छापायचाय. ‘आय वॉज देअर’. मी तिथे होतो, एवढंच. आपण हरलो तरच विकीन.”

तो हसला. “हरल्यावर टी-शर्ट कोण घेतं?”

“मग परवानगी द्यायला तुमचं काय जातं?”

“क्लबचं चिन्ह वापरायचं नाही.”

“नाही वापरत.”

दसऱ्याला उजाडताच मी माळ उतरवली, मशीनला हात लावून नमस्कार केला आणि बॅरीने स्क्वीजी ओढायला घेतली. बॅरी पक्का सपोर्टर. सामन्याआधी तो ‘चॅम्पियन्स’ हा शब्द तोंडातून काढत नसे. टी-शर्ट उलटे लावून छापत होता, म्हणजे अक्षरं त्याला सुलट दिसणार नाहीत.

थोड्या वेळाने मॉरीन आली. सोबत सपोर्टर्स क्लबच्या दोघी.

“ग्रॅहम सांगत फिरतोय, तू म्हणालीस आपण हरणार.”

“म्हणाले. त्याला, त्याच्या केबिनमध्ये. किती छापायचे ते ठरवत होतो. डोळे झाकून अंदाज बांधायला मी खाटीक नाही.”

एक जण हसली. मॉरीन हसली नाही. “आणि फुलं?”

मी तिला मागच्या अंगणात नेलं. तिथे बीच नावाच्या झाडाचं कुंपण होतं. ऑक्टोबरात त्याची पानं तांबूस सोनेरी होतात. इथे आपट्याची पानं कुठली मिळणार? दसऱ्याला मी तीच वाटायचे. बॅरीच्या व्हॅनमध्ये गेल्या वर्षीचं पान अजून होतं. मी तिला सांगितलं, “काल आम्ही हत्यारं पुजली. आज सीमा ओलांडायची. पूर्वी सैन्य आजच्या दिवशी गावाची शीव ओलांडून मोहिमेला निघायचं. निघताना फुलं मेलेल्याला नाही वाहत, हत्याराला वाहतात.”

फायनलचं मैदान डोंगरापलीकडे, लँकशरमध्ये होतं. मॉरीनने डोंगराकडे बघितलं.

“म्हणजे आपण जिंकणार?”

“ओलांडायचा दिवस आहे, एवढंच मला माहीत आहे. पुढचं खेळणाऱ्यांचं.”

तिने एक पान तोडून पर्समध्ये ठेवलं. मग त्या दोघींनी घेतली. दुपारपर्यंत कुंपणापाशी रांग लागली. खाटकाने पान काचेवर स्कोअरच्या शेजारी चिकटवलं. रेडिओवर एका बाईने सांगितलं की मिसेस सीची ती फुलं युद्धाची होती आणि ग्रॅहमला काही समजत नाही. काल मी संघ पुरला होता, आज मीच तो जिंकवणार होते. दोन्हींत माझा काही संबंध नव्हता.

त्या संध्याकाळी माझा दुसरा टी-शर्ट छापायला घेतला. क्लबचं चिन्ह घालायचं नव्हतं, त्यामुळे छातीवर जागा मोकळी दिसत होती. मी तिथे सोनेरी शाईत बीचचं पान टाकलं.

शनिवारी मॉरीनने पहिल्या बसमध्ये मला शेजारी बसवलं. “खिडकीशी बस,” ती म्हणाली. “लोकांना दिसू दे.”

पाऊण सामना होईपर्यंत आम्ही पुढे होतो. मग आमचे गडी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मॉरीनने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. अगदी थोडक्यात हरलो. समोरच्यांचे चॅम्पियन्स टी-शर्ट बाहेर आले. पांढरी शाई पातळ मारली होती, खालचा रंग दिसत होता. बॅरीने ते मला दाखवलं. त्या क्षणी त्याला बोलता येईल असं तेवढंच होतं.

बसमध्ये कोणी रेफ्रीला, कोणी कोचला धुतलं. एक म्हातारा डोंगर उतरेपर्यंत तेच गाणं म्हणत राहिला आणि शेवटी सगळ्यांनी म्हटलं. मला कोणीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. मॉरीनने पर्समधून पान काढलं, चुरगळलेलं. म्हणाली, “तू ओलांडायचं म्हणाली होतीस. ओलांडलं. परत कसं यायचं ते आपण विचारलंच नाही.”

रविवारी संघ मैदानावर परतणार होता. ग्रॅहम म्हणाला होता, कोणी येणार नाही. अख्खं गाव आलं. कार पार्कात मी टेबल मांडलं आणि खेळाडू बसमधून उतरायच्या आत पानाचे टी-शर्ट संपले. जे गेले नव्हते तेही मागत होते. त्यांना मॉरीनने हाकललं. “तू नव्हतास तिथे,” ती म्हणायची, आणि तिला प्रत्येकाचं माहीत होतं.

सोमवारी बॅरीने आणि मी चॅम्पियन्स टी-शर्ट कात्रीने फाडले. पुढची दोन वर्षं त्या चिंध्यांनी आम्ही शाई पुसली.

पुढच्या हंगामात क्लबचं काम परत शहरातल्या कंपनीला गेलं. क्लबच्या दुकानात नवा टी-शर्ट आला. ‘आय वॉज देअर’. छातीवर सोनेरी पान. खाली लिहिलेलं, क्लबची जुनी परंपरा. मी तशीच ग्रॅहमच्या केबिनमध्ये गेले.

“ते पान माझं आहे.”

“पान झाडाचं असतं, मिसेस चौगुले.”

“परवानगी तुम्ही मला दिली होती.”

“तुमच्या खर्चाने छापायची. कल्पना कुणाची, ते आपण कधी बोललो नाही.”

त्याच्या टेबलावरचा कप फुटला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

आता गिरणीच्या जागी फ्लॅट आहेत. मशीन मी विकलं, ग्रॅहम केव्हाच क्लब सोडून गेला, पण ते पान अजून विकलं जातं. धंद्यात मी दोन गोष्टी शिकले. जिंकणाऱ्याचा टी-शर्ट एक वर्ष चालतो, हरलेल्याचा विटेपर्यंत घालतात. आणि परवानगी मागताना आपली कल्पना सांगू नये, आधी तिची किंमत ठरवावी.

स्क्वीजी मात्र मी ठेवली आहे. खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढे तिची पूजा करते. मॉरीन दर वर्षी येते, स्वतः शेवंती घेऊन. पेढा उचलते आणि विचारते, “कोण गेलं, लव्ह?”

मी सांगते, “अजून कोणी नाही. ग्रॅहमची वाट बघतेय.”