एक फूट जास्त

थळच्या मनुबाईला कुणी विचारलं, की बाई, घर दुरुस्तीला का काढलंस, तर ती सांगायची, राहुलच्या लग्नासाठी. साफ खोटं. मुलाचं लग्न ठरलं होतं हे खरं, पण घर काढलं ते शेजारच्या चुलत दिराचं, गणराजचं, नाक कापायला. हे ज्याला ठाऊक नव्हतं असं माणूस आळीत एकही नव्हतं.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी गणराजने बंगला बांधला. बांधताना अंगणासकट दीड फूट भराव टाकला आणि मनुबाईचं घर खड्ड्यात गेलं. त्या आषाढात आळीचं सगळं पाणी तिच्या उंबऱ्यावरून आत आलं. तिचा नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सुकी मासळी विकून ती घर चालवायची. पावसाळ्यात विकायला भरून ठेवलेल्या सुकटीच्या वीस टोपल्या भिजून कुजल्या. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक. रडत ती गणराजकडे गेली, तर हा सुपारी कातरत म्हणतो, "वहिनी, पानी उताराकडंच जानार. त्याला मी काय करू?" आणि कामगारांकडे बघून हसला. सुकट ती एक वेळ विसरली असती. ते हसणं विसरली नाही.

त्या दिवसापासून बाईने डूख धरला. डोक्यावर टोपली घेऊन अलिबागपर्यंत फिरायची, पण नजर कुठे? मुंबईवाले जुनी घरं पाडून बंगले उठवत होते तिथे. पाडकामाचं राबीट, विटा-मातीचा तो चुरा, टाकायला जागा शोधणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातात चार बोंबील ठेवायची नि म्हणायची, माझ्या परसात टाक. चौलच्या एका पाडलेल्या घराची सागवानी चौकट तिने मालकिणीला तीन महिने सोडे पोचवून मिळवली. उरलेल्या, फुटक्या फरशा गोळा केल्या. लाल, पांढऱ्या, काही निळ्या फुलांच्या. सहा वर्षांत अंगावर नवं लुगडं नाही की हातात जत्रेतली बांगडी नाही. परसात राबिटाचा ढीग माडाच्या बुंध्याला टेकला. गणराजची बायको सुचिता कुरकुरायची की उंदीर होतात. मनुबाई म्हणे, होऊ देत, तुमच्याकडंच येतील.

पौषात अल्तमश गवंडी आला. तोंडाचा गोड आणि हाताचा पक्का माणूस. त्याने पाण्याने भरलेली नळी गणराजच्या कट्ट्यापासून मनुबाईच्या भिंतीपर्यंत धरली आणि पेन्सिलीने खूण केली. दीड फूट भराव घातला की दोन्ही अंगणं एका पातळीला येतील, पाणी सरळ रस्त्याच्या गटारात जाईल आणि दारही सहा फुटी बसेल, असं त्याने समजावून सांगितलं. मनुबाईने सगळं ऐकून घेतलं, चुलीतला कोळसा आणला आणि त्या खुणेच्या वर एक फुटावर रेघ ओढली.

"मावशी, छप्पर उचलायला पैसे हायत का?" अल्तमशने विचारलं.

"न्हाय."

"मग दार पाच फुटी होईल. तुमचा राहुल सहा फुटाला दोन बोटं कमी हाय."

"वाकंल," मनुबाई म्हणाली.

अल्तमशने कानाला हात लावला आणि कामाला लागला. राबीट मनुबाईने स्वतः घमेल्याने वाहिलं, घरात आणि अंगणातही. भराव ठोकून बसवायची धुम्मसही तीच घालायची, आणि लोक कामाच्या वेळी देवाचं नाव घेतात तसं ती ठोक्यागणिक गणराजचं घ्यायची. राहुल उरणला कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर. मधे एकदा तो येऊन गेला तेव्हा जमीन अजून उकरलेलीच होती, आणि आईने सगळं व्यवस्थित होणार म्हणून त्याला वाटेला लावलं.

वैशाखात घर तयार झालं. चांगलंच दिसत होतं हो! तेल पाजलेली चौकट, ठिगळाठिगळांची पण चकचकीत जमीन. लग्नाची वरात दारात आली. नवी सून अमिषा अंगाने बुटकी. तिने तांदळाचं माप पायाने लवंडलं आणि सहज आत गेली. मागून राहुल मित्रांकडे बघत शिरला आणि चौकटीवर असा आपटला, की मुंडावळ्या रक्ताने लाल झाल्या. बँडबाजा थांबला. हळद घेऊन धावली कोण, तर सुचिता. तिच्या हातातली वाटी मनुबाईने हिसकून घेतली. आमच्याकडं हाय हळद, म्हणाली.

चार दिवस राहुल स्वतःच्या घरात चोरासारखा वाकून फिरला. पंखा टांगायची सोय नाही, शर्ट घालताना हात वर करायची सोय नाही. पाचव्या दिवशी तो आईजवळ बसला. एक फूट काढू या म्हणाला, आतलाही आणि अंगणातलाही, मी स्वतः खणतो. मनुबाईने त्याला वीस टोपल्यांपासून सगळं पुन्हा ऐकवलं.

"आई, तुला मी पायजे का तो एक फूट?"

मनुबाई तांदूळ निवडत राहिली. आता ह्यावर लेकाने काय समजायचं? दुसऱ्या दिवशी नवरा-बायको उरणला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. त्यानंतर आठ दिवस मनुबाई रडली, आणि रडताना शिव्या मात्र गणराजलाच घातल्या. त्याच्यापायी माझा लेक गेला म्हणे.

आषाढ लागला. तीन दिवस पाऊस हटला नाही आणि आळीचं पाणी मनुबाईच्या अंगणाला अडून गणराजच्या दिवाणखान्यात शिरलं. सुचिता तांदळाची पोती जिन्यावर चढवत होती, सोफ्याच्या पायांना गाळ लागला होता. मनुबाईने ओट्यावर स्टूल टाकलं आणि बघत बसली. सुख झालं तिला, खोटं कशाला बोलू? सहा वर्षांनी जीव थंड झाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गणराज आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दारातून वाकून आत आला आणि तसाच, मान खाली घालून उभा राहिला.

"वहिनी, चुकलं माझं. एक फूट उतरवा. मजुरी, फरशी, सगळा खर्च माझा. राहुलपन घरी येल."

घ्या! सहा वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते आयतं दारात आलं, वर लेकही परत मिळत होता. क्षणभर मनुबाईचे ओठ हललेसुद्धा. आणि मग ती हसली. मोठ्याने, आळीभर ऐकू जाईल असं, गणराज उंबरा ओलांडून पाण्यात उतरेपर्यंत हसत राहिली.

हसू थांबलं तेव्हा हे कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं. तिने राहुलला फोन लावला. पाणी कुठवर चढलं, गणराज कसा आला, काय म्हणाला, सगळं धाप लागेपर्यंत सांगितलं.

"काका खर्च देत व्हता?" राहुलने विचारलं. "मग तू काय बोललीस?"

"बोलले, न्हाय."

पलीकडून ट्रेलरचे हॉर्न तेवढे ऐकू आले.

"बरं," तो म्हणाला. "जेवलीस का?"

"जेवले," मनुबाई म्हणाली. दोन दिवस तिने चूल पेटवली नव्हती.