उसाच्या बांधावरचा टँगो

माझ्या पोरीच्या भर साखरपुड्यात मी ज्यांच्यापुढचा माईक उचलून नेला, ते माझे थोरले साडू म्हणजे आख्ख्या नगर जिल्ह्यातले टँगो संगीताचे एकमेव जाणकार. दुसरा कोणी सापडला तर मी मिशी उतरवीन.

साखर कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केलेला हा माणूस. मोबाईलवर पेटीचं भजन शोधताना भलतंच वादन लागलं आणि देवळाली प्रवऱ्याच्या त्यांच्या घरात टँगोचं गाव, अर्जेंटिनातलं ब्यूनस आयर्स, येऊन राहिलं. पाहुण्याच्या हाती चहाचा कप येईपर्यंत यांच्या गोष्टीतली बोट तिथल्या बंदराला लागलेली असे. "पाव्हणं, तिथं कोन आलं? पोटासाठी घर सोडल्याली मानसं. इटलीची, स्पेनची. आफ्रिकेतनं गुलाम करून आनल्याल्यांचा ताल आदीच हुता. जर्मनीतनं भात्याचं वाद्य आलं, आपल्या पेटीची चुलतबहीन. समद्यांची घरची आठवन एका चुलीवर शिजली, त्यो ह्यो टँगो!" मग स्वतःची पेटी काढून ते वाजवत. सूर असे की कुणीतरी ताठ मानेनं रडतंय.

नाचही ते उसाच्या बांधावर शिकले. "टँगो म्हंजी नुसतं चालनं. दोघांनी बांधावरनं जायचं, पाटात कुनी पडायचं न्हाई." अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, काही तयार होईना. मग ते एक ऊसच कवेत घेऊन चालत. अक्का म्हणे, "लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर देवाला जात्यात, आमचे उसाला घिऊन फिरत्यात."

फिनलंडच्या थंडीत, जपानात लोक यावर का झुरतात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घर कुनाचं लांब न्हाई, पाव्हणं?" आणि एक गोष्ट ते नेहमी सांगत. तिथल्या बड्या लोकांनी आधी टँगोला नाकं मुरडली, बंदरावरल्यांचं म्हणून. पुढं पॅरिस त्यावर नाचलं, तेव्हा तेच म्हणाले, आमचंच आहे हे. मी मान डोलवायचो.

साखरपुड्यात त्यांनी पेटी काढून टँगो सुरू केला. व्याही मंडळी पुण्याची. ती हसतील असं मला वाटलं. "शुभकार्यात हे रडगाणं नको," म्हणत मी माईक उचलला. त्यांनी पेटी मिटली, जेवलेही नाहीत. थोड्या वेळानं मुलाचे काका धावत आले. "अहो, टँगो कोण वाजवत होतं? आम्ही परदेशात मुद्दाम जाऊन ऐकतो!" माझी छाती फुगली. "आमचेच साडू!" म्हणत मी शोधायला निघालो. ते अक्काला घेऊन एसटीनं कधीच गेले होते. मांडवात उभ्या उभ्या मला माझं नाक दिसलं, मुरडलेलं.

त्यांनी पुन्हा वाजवलं नाही. अक्का फोनवर म्हणाली, "पेटी कपाटावर टाकलीय. घर मुकं झालंय, दाजी." तरी जायला मला सहा महिने लागले.

गेलो तर त्यांनी नुसतंच "या," म्हटलं. चहा झाला, बोट आली नाही. मी स्टुलावर चढून पेटी काढली, धूळ पुसली, पुढ्यात ठेवली.

"खांदा दुखतो आता," ते म्हणाले. "भाता वढवत न्हाई."

मी पलीकडे मांडी घातली आणि भात्यावर हात ठेवला.

"साडूभाऊ, माझं चुकलं. पॅरिसची वाट बघितली मी. आज मी भाता मारतो, तुम्ही दोन्ही हातांनी वाजवा."