पिवळी फुली

हणमंत गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात वेल्डिंगचा पेटलेला रॉड होता. खिशात मोबाइल थरथरत होता आणि मी तो थरथरू दिला, कारण चालू टाका मध्येच सोडायचा नाही, ही त्याचीच शिकवण. टाका पूर्ण केला, मास्क वर केला, हातमोजा काढला आणि मग फोन लावला. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, दोनच वाक्यं सांगितली. सकाळी छातीत कळ आली... दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. मला तसाच उभा राहिलेला पाहून शेजारच्या मशीनवरच्या माणसानं विचारलं, "काय झालं राव?" मी म्हणालो, "मला वेल्डिंग शिकवणारा माणूस गेला." "लई म्हातारे असतील," तो म्हणाला. हणमंत माझ्याहून चार वर्षांनी लहान होता. पण चाकणच्या या कारखान्यात सगळ्यांची समजूत आहे, की मी हे काम जन्मभर करत आलोय. ती समजूत मीच करून दिली आहे.

खरं म्हणजे बावीस वर्षं मी भोसरीच्या एका कंपनीत वेल्डिंग नुसतं तपासत होतो. रॉड कधी हातात धरला नाही, पण ज्यांनी धरला त्यांच्या कामावर पिवळ्या रंगाची फुली मारायचा अधिकार माझा. फुलीशेजारी माझ्या नावाची दोन अक्षरं, आणि तो माल भंगारात. त्या दोन अक्षरांचा मला भारी तोरा होता. पुढे लाइनवर रोबोट आले, आम्हाला गोड बोलून निवृत्ती दिली आणि एक्कावन्नाव्या वर्षी मी या लहानशा कारखान्यात मुलाखतीला बसलो. मालक म्हणाले, "नुसतं तपासायला माणूस ठेवणं आम्हाला जमत नाही. जी खोट काढाल ती दुरुस्तही करायची. वेल्डिंग येतं ना?" मी म्हणालो, "येतं की." रुजू व्हायला तीन महिने होते. घरी बायकोलाही मी नोकरी लागल्याचंच सांगितलं, बाकी गिळून टाकलं.

आमच्या कंपनीत पूर्वी कंत्राटावर असलेला हणमंत पिंपरीत ग्रिल आणि गेट बनवायची शेड टाकून बसला होता. परभणीकडचा माणूस, कमी बोलणारा. मी त्याच्याकडे गेलो, ते तो उत्तम वेल्डर म्हणून नव्हे, तर तो कुणाजवळ बोलणार नाही म्हणून. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्याचीही शेड बंद. दर गुरुवारी सकाळी शटर अर्धं खाली ओढून आमची शिकवणी चालायची. शटर ओढायला मीच सांगितलं होतं. शिकवणारा तो, आणि तो मला अहो-साहेब करायचा. शिकणारा मी, आणि मी त्याला अरे-हणमंत. हे उलटं आहे, असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही.

त्या वयात हात नवं काही ऐकत नाहीत. रॉड लोखंडाला चिकटायचा, ओढला की वाकायचा, सोडला की विझायचा. इतकी वर्षं जोड मला लांबून दिसायचा, मास्क घातल्यावर समोरचंही दिसेना. पहिल्याच गुरुवारी मास्क वेळेवर खाली न घेतल्यानं डोळे भाजले आणि दुसरा अख्खा दिवस मी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलो. बायकोला सांगितलं, डोळे आलेत. माझे टाके म्हणजे भिंतीवर थापलेल्या शेण्या. माझ्याच कामावर फुल्या मारायच्या तर दर गुरुवारी एक डबा रंग लागला असता. हणमंत नुसतं म्हणायचा, "गडबड कामून करायले साहेब? हात सैल सोडा. लोखंड कुठं पळून चाललंय?" आणि माझं गिचमिड काम बघून, "बरं हाय. अजून एक मारा." त्याच्या चांगल्या कामालाही मी कधी बरं म्हटलेलं नव्हतं.

आठव्या की नवव्या गुरुवारी वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगच्या वायरचा चिमटा निसटला. तो ज्या लोखंडी तुकड्याला लावलेला असायचा तो टेबलाखाली पडला. उचलला, तर आमच्या कंपनीचा जुना ब्रॅकेट. त्यावर पुसट पिवळी फुली, आणि शेजारी माझी दोन अक्षरं.

आता ती जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. हणमंतचं नाव कायम करायच्या यादीत होतं, त्याच आठवड्यात मी त्याच्या ब्रॅकेटांचा एक अख्खा लॉट नापास केला. यादीतून त्याचं नाव गेलं, थोड्या दिवसांत तोही कंपनी सोडून गेला. पुढच्या आठवड्यात कळलं, की माझं जोड मोजायचं गेजच झिजलेलं होतं. माल चांगला होता. मी नवं गेज मागवलं आणि गप्प बसलो. बोललो असतो तर माझ्या नावापुढे शेरा आला असता, एवढंच कारण.

"हे इथे कसं?" मी विचारलं. "भंगारात चालले होते, एक उचलला," हणमंत म्हणाला. मग हातमोजा काढून, "साहेब, एक इचारू का? राग मानू नका. ह्याच्यात नेमकं कुठं चुकलं होतं? मी लई येळा बघितलं. मला काय सापडलं नाही."

इतकी वर्षं हा माणूस आपली चूक शोधत होता. तोंड उघडायची वेळ हीच होती, शटर अर्धं खाली होतं, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं... आणि मी ब्रॅकेट उजेडाकडे धरला, जाणकारासारखे डोळे बारीक केले आणि जोडाच्या एका टोकाशी बोट ठेवलं. "इथे. इथे कड जरा खाल्ली गेलीय." त्यानं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हां... तरीच," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, ते मला अजून सहन होत नाही. पुढच्या गुरुवारपासून माझा हात टोकाशी आला की तो म्हणायचा, "इथं जपून साहेब. माझं इथंच चुकलं होतं."

मी शिकलो. त्यानं माझा जोड शिकंज्यात धरून घणानं वाकवून पाहिला, तुटला नाही. मी चाकणला रुजू झालो आणि गुरुवारचं जाणं हळूहळू बंद पडलं. दिवाळीला एकदा पेढे देऊन आलो.

तेराव्यानंतर शेड रिकामी करायची म्हणून वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, "हे सांगायचे, साहेबानं माझी चूक दाखवली, डोक्यातला किडा गेला." मग मात्र मला राहवलं नाही. गेज, लॉट, यादी, ते बोट, सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या, हातातली पिशवी दुमडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे तुम्ही त्यायला सांगायचं होतं, साहेब. मला सांगून आता काय व्हतंय?" मी ब्रॅकेट मागितला. "न्या," त्या म्हणाल्या, "भंगारातच जायचा तो."

घरी आणून रॉकेलनं पुसला, तेव्हा दिसलं. जिथे मी बोट ठेवलं होतं, बरोबर तिथे त्यानं नंतर कधीतरी बोटभर नवा टाका मारला होता. सरळ, एकसारखा, कुठे कणभर कमी-जास्त नाही. चांगलं गेज आणून मी सगळा जोड मोजला. जुना भाग इंचन् इंच मापात आहे. फक्त त्या टोकाला, गरज नसताना, लोखंड जास्त आहे. मी त्यावरून अंगठा फिरवला आणि मोठ्यानं म्हणालो, "बरं हाय, हणमंतराव." त्याच्या कामाला मी पहिल्यांदाच बरं म्हणालो, ते जी चूक त्यानं केलीच नव्हती तिच्या दुरुस्तीला.