सातवा गडी आणि आम्ही सहा जण

एका नाटकाचे किस्से असावेत तरी किती? नाटक दोन तासांचं, पण किस्से सांगायला बसलं तर ताटं वाढून निवतात! आमच्या घरात कुठलंही कार्य असो, पंगत बसली की कोणीतरी म्हणतंच, "ते तारायानाचं सांग की." आणि दरवेळी सांगताना मला एखादा जास्तीचा आठवतो. नाटक मात्र कोणी विचारत नाही. ते बिचारं वहीतच राहिलं.

मी तेव्हा सोलापुरात एका कापडाच्या मिलमध्ये टेलिफोन ऑपरेटर होते. दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची चव अजून जिभेवरून गेली नव्हती. कामगारांच्या नाट्यस्पर्धेला दरवर्षी आमच्या मिलचं नाटक जायचं. विषय ठरलेले! एक वर्ष हुंडा, एक वर्ष दारू, एक वर्ष सावत्र आई.

त्या वर्षी बसवराज मास्तरांनी वही टेबलावर आपटली. मास्तर मिलच्या शाळेत कामगारांना विज्ञान शिकवायचे. म्हणाले, "सासू-सून बास झाली. यंदा आपण ताऱ्यांकडं जायचं!"

नाटकाचं नाव 'सातवा गडी'. लांबच्या एका ताऱ्याकडे निघालेलं यान. आत सहा माणसं आणि सातवा एक यंत्रमानव. अंगात ताकद अशी, की एका हातानं यानाचं दार उपटून काढील. अर्ध्या वाटेत सहा जणांना भीती वाटायला लागते. हा उलटला तर? याला बंद करायचं की याच्यावर विश्वास ठेवायचा? बस्स, एवढंच नाटक.

* * *

पहिली अडचण परवानगीची. मास्तर अर्ज घेऊन एका कचेरीत गेले. मी सोबत होते.

कारकुनानं अर्ज वाचला आणि खूश होऊन म्हणाला, "यंत्रमागावर नाटक? वा! आपल्या गावाला शोभेल असं!"

"यंत्रमाग नाही हो. यंत्रमानव."

"म्हणजे मागाचं नवीन मॉडेल?"

मास्तर शिक्षक माणूस. त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं. कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण त्याला चालवतो कोण?"

"कोणी नाही. तो स्वतः विचार करतो."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मास्तर, स्वतः विचार करणारं काही असलं तर कागदावर कशाला आणता? यंत्रमागच राहू द्या की!"

परवानगी मिळाली. ते पत्र पुढे किती वर्षं मास्तरांच्या कपाटात होतं. विषय : यंत्रमाग!

* * *

यानाची कप्तान मी. पात्रांची यादी मिलच्या मॅनेजर साहेबांकडे सहीला गेली, तर त्यांनी माझ्या नावाखाली लाल रेघ ओढली.

"कप्तान बाई? कोणाला पटणार? तुम्ही नर्स व्हा. नर्सचं काम छान असतं."

"साहेब, यानात कोणी आजारी पडत नाही."

"मग पाडा की कोणाला तरी!"

मी म्हटलं, "साहेब, तुमचा मुंबईचा ट्रंक कॉल रोज कोण लावतं?"

"तुम्हीच की."

"तो लावायला चार एक्स्चेंजशी भांडावं लागतं. जिला ते जमतं तिला यान जमेल."

साहेब हसले, पण सही केली नाही. मग तीन दिवस मुंबई काही लागेना. मी काय करणार? लाइनच खराब! चौथ्या दिवशी सकाळी यादी सही होऊन आली आणि दहा वाजता मुंबई लागली. आवाज कसा खणखणीत!

* * *

राहिला प्रश्न यंत्रमानवाचा. मास्तर म्हणाले, "नरसय्या."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

नरसय्या माग खात्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सव्वासहा फूट उंच. सुतानं भरलेला बीम, म्हणजे मागाचा जाडजूड रूळ, उचलायला चार माणसं लागायची, हा दुसऱ्या टोकाला कोणी आहे का हेही बघायचा नाही. घरी तेलुगू बोलायचे, त्यामुळे मराठी मोजकंच. स्त्रीलिंगी-पुल्लिंगी शब्दांची त्याची कायम अदलाबदल. आणि त्याच्याबद्दल एक गोष्ट सगळ्या मिलला माहीत होती. एका मुकादमानं एकदा म्हाताऱ्या झाडूवालीवर हात उचलला. नरसय्या आला, मुकादमाला काखेत धरलं, कापसाच्या तीन गाठींच्या थप्पीवर नेऊन बसवलं आणि परत कामाला लागला. मुकादमाला उतरवायला शिडी आणावी लागली.

आमच्यातला एक जण म्हणाला, "मास्तर, ताकदीचा माणूस हाय, कबूल. पण डोकं फिरलं तर? स्टेजवर आमी पाच-सहा जण. आमचा न्हाय बा भरवसा."

मास्तर टाळी वाजवून उठले. "अरे, नाटक तेच तर हाय की!"

* * *

तिसऱ्या अंकात यान हेलकावे खातं आणि यंत्रमानव कप्तानाला एका हातावर उचलून पलीकडे नेतो, असा प्रसंग. कागदावर ठीक आहे हो. पण सत्तरच्या दशकातलं सोलापूर, मी लिंगायत घरातली बिनलग्नाची मुलगी, आणि परक्या पुरुषानं उचलायचं!

नरसय्या तालमीला आला आणि सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "अक्का, तुमचा वजन किती?"

मी मान ताठ केली. "अठ्ठेचाळीस किलो. का?"

तो मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी गोणीत बरोबर अठ्ठेचाळीस किलो सुताच्या लडी भरून आणल्या. पंधरा दिवस त्यानं ती गोणी उचलली, नेली, अलगद खाली ठेवली. गोणीशी संवाद म्हणायचा. माझ्याकडे बघतही नव्हता.

बातमी घरी पोचलीच. सोळाव्या दिवशी आमची अव्वा, म्हणजे माझी आई, पदर खोचून तालमीला हजर! मास्तरांना घाम फुटला. अव्वा पहिल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "करा काय करताय ते. मी बघते."

नरसय्यानं मला उचललं. पलीकडे नेलं. ठेवलं. पायाखालची फळीसुद्धा वाजली नाही.

अव्वा उठून त्याच्यापर्यंत गेली. मान वर करकरून त्याच्याकडे बघितलं आणि कानडीत एवढंच म्हणाली, "बिडबेड." सोडू नकोस!

गल्लीतल्या बायकांनी नंतर अव्वाला घेरलं. "अहो, परका माणूस तिला उचलतो म्हणे!"

अव्वा म्हणाली, "उचलतोय तर उचलू दे. पाडणारेच लई बघितलेत!"

* * *

यंत्रमानवाचा पोशाख तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचा. छाती, पाठ, दंड, वर डोक्याला एक डबा. सोलापूरचा एप्रिल, वर पंख्याचा नुसता आवाज. पहिल्या रंगीत तालमीत पत्र्यातून घामाची धार लागली.

मी म्हटलं, "मास्तर, त्याला पाणी द्या."

"यंत्रमानव पाणी पीत नाही, गिरिजाबाई! परीक्षक काय म्हणतील?"

नरसय्या डब्याच्या आतून म्हणाला, "मास्तर, मोटारमध्ये पाणी घालतात का नाही?"

मास्तर विज्ञानाचे. हरले! त्या दिवसापासून दर अंकात कप्तान स्वतः तांब्यानं यंत्रमानवात पाणी भरते, असा प्रसंग घातला. लोकांना तो फार आवडायचा. फक्त पाठीवरच्या पत्र्यावर 'शुद्ध शेंगदाणा तेल' ही अक्षरं राहून गेली होती. ती शेवटपर्यंत कितीही रंग लावला तरी दिसायचीच!

* * *

तालमी रंगात आल्या आणि युनियनचे पुढारी मास्तरांकडे आले.

"मास्तर, यंत्राला चांगलं दाखवताय? उद्या यंत्रं आली की आमच्या पोटावर पाय! त्याला शेवटी खलनायक करा."

ते गेले आणि तासाभरात मॅनेजर साहेबांचं बोलावणं. "मास्तर, तुमचा यंत्रमानव कप्तानाला उलट उत्तर देतो म्हणे? यंत्रानं कसं सांगितलेलं ऐकावं! बदला ते."

दोन वर्षांत मिलमध्ये या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. बोनसवर नाही, कँटीनच्या चहावर नाही. नाटक बदला, यावर मात्र झालं!

मास्तर परत आले तेव्हा आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. त्यांनी वही उघडली. "दोघांनाही पटत नाही, म्हणजे बरोबर लिहिलंय. चला, पहिला अंक!"

* * *

स्पर्धेआधी एक प्रयोग मंद्रूपला केला, बाजाराच्या दिवशी दुपारी. समोर गावकरी, भाजीवाल्या, मागे कडेला मेंढरं घेऊन बसलेले दोन-तीन धनगर.

दुसऱ्या अंकात आम्ही सहा जण मतदान करतो. सातव्याला बंद करायचं की नाही? चार हात वर जातात. वैमानिक हातोडा घेऊन त्याच्याकडे जातो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा!"

एक म्हातारा धनगर, खांद्यावर घोंगडं, उठून गर्दीतून पुढे आला. "त्यानं केलंय काय? मगाधरनं बगतोय मी. पानी तुमी पाजता, काम त्यो करतोय, आन् आता मारताय?"

मास्तर विंगेतून कुजबुजले, "आजोबा, नाटक आहे हो!"

"व्हय, नाटकच. पर त्याला कुनी इचारलंय का? आदी इचारा की!"

आणि म्हातारा चढलाच स्टेजवर! यंत्रमानवाशेजारी मांडी घालून बसला, काठी आडवी ठेवली. "आता मारा बगू."

आमचा वैमानिक हातोडा वर करून तसाच. सगळा बाजार आमच्याकडे बघतोय. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "पुन्हा मतदान! याला वाचवायचं, त्यांनी हात वर करा!"

म्हाताऱ्यानं हात वर केला. मग समोर भाजीवालीनं केला. मग अख्ख्या मंद्रूपनं!

सातवा वाचला. मी नरसय्याकडे बघितलं. डब्याला पाडलेल्या दोन भोकांतून त्याचे डोळे पाणावलेले दिसत होते. जाताना म्हातारा त्याच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "हितं न्हाई जमलं तर माझ्याकडं ये. मेंढरं हायती."

* * *

मंद्रूपची हकीकत मॅनेजर साहेबांपर्यंत पोचली. मिलमध्ये त्या आठवड्यात संपाची बोलणी चालू होती. साहेबांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात उभं केलं.

शेवटच्या प्रवेशात कप्तान यंत्रमानवाला विचारते, "तू माझी प्रत्येक आज्ञा पाळशील?" तो म्हणतो, "नाही. चुकीची आज्ञा मी पाळणार नाही. तरी तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभ्या राहू शकता." आणि कप्तान पाठ करून उभी राहते. पडदा.

साहेबांनी यंत्रमानवाच्या त्या उत्तरावर काट मारली होती. वर लिहिलं होतं, "होय. जशी आज्ञा." आणि खाली टाइप केलेला कागद : बदललेलं वाक्यच बोलू.

"ज्याची सही नाही, त्याचा उद्या गेटपास नाही."

घरात खाणारी पाच तोंडं, कमावणारी मी. मी सही केली. मास्तरांनी केली. सगळ्यांनी केली. नरसय्यानंही हळूहळू, एकेक अक्षर काढत केली. बाहेर आल्यावर कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना.

स्पर्धेच्या दिवशी साहेब पहिल्या रांगेत, परीक्षकांच्या शेजारी. तिसरा अंक संपत आला. मी विचारलं, "तू माझी प्रत्येक आज्ञा पाळशील?"

नरसय्या गप्प.

पत्र्याच्या आत त्याचा श्वास मला ऐकू येत होता. साहेब पुढे झुकले. माझ्या डोळ्यांसमोर अव्वा आली, गेट आलं, सगळं आलं. मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. आणि खरं सांगते, यावेळी मी कप्तान म्हणून विचारलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "चुकीचा आज्ञा मी पाळणार नाही. तरी तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभ्या राहू शकता."

मी पाठ केली. त्याच्याकडे पाठ, साहेबांकडे तोंड! पडदा पडेपर्यंत मी त्यांच्या डोळ्यांवरून नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसय्याला बोलावणं आलं. पाठोपाठ मी आणि मास्तर न बोलावताच जाऊन उभे राहिलो. साहेबांनी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"ही सही कोणाची?"

"माझा, साहेब."

"मग काल ते वाक्य कोण बोललं?"

नरसय्यानं कागद नीट बघितला. वरपासून खालपर्यंत सगळ्या सह्यांवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाला,

"ते सातवा बोलला, साहेब. त्याचा सही तुम्ही घेतलाच नाही!"