मामांचं पहिलं ‘नको’

माझ्या बायकोच्या मामांएवढा गोडखाऊ माणूस युरोप खंडाने आजवर पाहिला नसावा, आणि यापुढे पाहील असंही मला वाटत नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे मामा तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आमच्याकडे लायडन या डच गावी आले, तेव्हा कालवे पाहायला आलोय असं विमानतळावर सांगत होते. दुसऱ्याच दिवशी कालव्याकाठच्या बाजारात त्यांनी पाण्याकडे पाठ फिरवली आणि गरम स्ट्रूपवाफल भाजणाऱ्यासमोर जे उभे राहिले, ते त्याने गाडी आवरेपर्यंत. निकाल मात्र पहिल्या घासालाच आला. "जावईबापू, ही आपली पुरणपोळीच. पुरण संपलं म्हणून काकवी भरलीय, एवढंच."

चॉकलेट ते कधी चावत नसत. तुकडा टाळूला चिकटवून, डोळे मिटून, असतील तिथे थांबत. एकदा ही जागा सायकलींच्या रस्त्याच्या मधोमध निघाली. दोन्हीकडून घंट्या वाजताहेत, मी दंडाला धरून ओढतोय, आणि मामा तुकडा विरघळेपर्यंत तसूभरही हलले नाहीत. मग समोर खोळंबलेल्या बाईंना त्यांनी उरलेली वडी देऊन टाकली. बाईंनी ती तिथेच खाल्ली, हे विशेष. ड्रॉप नावाची इथली खारट काळी गोळी परक्या माणसाला चारायची आणि त्याचं वाकडं झालेलं तोंड बघायचं, हा तर या लोकांचा आवडता उद्योग. माझ्या ऑफिसातले चौघे घरी आले, तेव्हा तयारीनेच आले होते. मामांनी एकामागून एक पाच गोळ्या चघळल्या, त्यातला ज्येष्ठमध ओळखला, घशाला उत्तम आहे असं सांगितलं आणि पुडी खिशात टाकली. चौघांतल्या एकाने उठून त्यांच्याशी हात मिळवला.

एकच गड सर होत नव्हता. शेजारच्या आजीबाई दर शनिवारी बोटरकूक, म्हणजे भरपूर लोण्याचा जाडजूड केक, भाजत आणि त्याचा वास भिंत ओलांडून आमच्याकडे येई. त्या बशी घेऊन येत, मामांना विचारत, आणि मामा पुण्याच्या रीतीने "नो नो, थँक यू" म्हणत. आपल्याकडे पहिलं नको म्हणायचंच असतं, समोरच्याने आग्रह करावा म्हणून. इथे नको म्हणजे नको. आजीबाई हसून मान डोलवत आणि बशी परत नेत. असे अकरा शनिवार गेले. सरळ हो म्हणा ना, असं सांगून बायको थकली. पण ते मागून खाल्ल्यासारखं होतं, असं मामांचं म्हणणं. बशी गेली की ते बराच वेळ दाराकडे बघत बसत. आता एकच शनिवार उरला होता.

शेवटी मीच कुंपणावरून आजीबाईंना आमची आग्रहाची पद्धत समजावली. त्यांना ती चमत्कारिक वाटली, पण नेमकं किती वेळा विचारायचं हे त्यांनी माझ्याकडून पक्कं करून घेतलं. तीनदा, मी म्हणालो.

परतीच्या आदल्या दिवशी आजीबाई बशी घेऊन आल्या. घेणार का, त्यांनी विचारलं. नेमकं त्याच सकाळी मामांनीही जन्माची रीत मोडायचं ठरवलं होतं, हे मला काय माहीत? ते ताडकन उठून "येस" म्हणाले. आजीबाईंनी बशी जराशी मागे घेतली आणि खरंच घेणार का, असं विचारलं. मामा गडबडले, घसा खाकरला, पुन्हा "येस" म्हणाले. अगदी नक्की का, तिसरा प्रश्न आला. मामांनी छाती पुढे काढली. "येस, मॅडम."

आजीबाईंनी अख्खी बशी त्यांच्या हाती दिली. मामांनी लागोपाठ तीन तुकडे खाल्ले, डोळे उघडले आणि किल्ला जिंकल्यासारखे आमच्याकडे बघत राहिले. चौथा तुकडा त्यांनी आजीबाईंना दिला, तोही आग्रह करकरून.

आता पुण्यात भेटेल त्याला ते सांगतात, की डच माणूस मोठा काटेकोर, तीनदा हो म्हटल्याशिवाय केकला हात लावू देत नाही. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. आजीबाईंचाही नाही. दर शनिवारी त्या दारात येऊन तीनदा विचारतात, मी तीनदा हो म्हणतो, आणि दर वेळी मला मामांची फार आठवण येते. बशी दिल्यावर त्या माझ्या खांद्यावरून मामा बसत त्या आतल्या खुर्चीकडे बघतात आणि ते पुन्हा कधी येणार, असं विचारतात. हे मात्र त्या एकदाच विचारतात.